आजीवन व्रतापासून पंधरवड्याच्या सेवेपर्यंत : परदेशी मिशनयात्रांचा इतिहास

अल्पकालीन मिशनयात्रा ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयाला आलेली आणि प्रामुख्याने अमेरिकेतील चर्चमध्ये रुजलेली प्रथा होय. एखाद्या चर्चचे दहा-वीस सभासद, बहुधा शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत काही प्रौढ, एक-दोन आठवड्यांसाठी परदेशी जातात, तेथील ख्रिस्ती मंडळीच्या वस्तीत घर किंवा शाळा बांधायला हातभार लावतात, मुलांसाठी बायबलचे वर्ग घेतात, आरोग्य शिबिरे भरवतात आणि परतल्यावर आपल्या चर्चपुढे प्रवासाचे निवेदन करतात. खर्चाचा भार ज्याचा त्याने उचलायचा असतो. त्यासाठी आप्तेष्टांना व चर्चच्या सभासदांना मदतीची पत्रे पाठवण्याची रीत आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख लोक अशा यात्रांना जात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांनी मांडला आहे. एवढ्या मोठ्या वर्दळीचा इतिहास समजून घेताना दोन प्रश्न सतत पुढे ठेवावे लागतात : परक्या समाजात सेवेसाठी जाणाऱ्याने तेथे किती काळ राहिले पाहिजे, आणि त्या सेवेचे स्वरूप कोणी ठरवायचे?

एकोणिसाव्या शतकातील मिशनसंस्थांच्या दृष्टीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्विवाद होते. ‘अमेरिकन बोर्ड’ या नावाने ओळखली जाणारी, परदेशांत मिशनरी पाठवणारी संस्था १८१० मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले मिशनरी १८१२ च्या फेब्रुवारीत जहाजाने निघाले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे कलकत्त्याहून कंपनी सरकारचा विरोध चुकवत १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत पोहोचले, तेव्हा घर सोडून त्यांना वर्ष लोटले होते. प्रवासच इतका दीर्घ आणि जोखमीचा असल्याने लवकर परतण्याचा बेत करून कोणी निघतच नसे. नॉट प्रकृती ढासळल्यामुळे दोन-तीन वर्षांतच मायदेशी गेले. हॉल मात्र मराठी शिकून, मराठीत लिहून आणि उपदेश करून तेरा वर्षे राहिले व १८२६ मध्ये नाशिक भागातील दौऱ्यात पटकीने मरण पावले. त्यांच्या संस्थेच्या मराठी मिशनने पुढे अहमदनगरला शाळा उभारल्या आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. धर्मांतराच्या प्रश्नावर या मिशनऱ्यांशी महाराष्ट्रातील विचारवंतांचे तीव्र मतभेद झाले. पण ते वाद मराठीतून होऊ शकले, कारण आलेल्या माणसांनी येथील भाषेत आपले आयुष्य घातले होते.

आजीवन मिशनसेवेच्या या कल्पनेला सर्वांत मोठे संघटित रूप ज्या चळवळीने दिले, तिचे एक मूळ कोल्हापुरात सापडते. रॉयल वाइल्डर हे मिशनरी अहमदनगरहून १८५२ मध्ये कोल्हापूरला गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ मध्ये तेथेच झाला. पुढे प्रिन्स्टन येथे शिकत असलेला हा तरुण १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे, सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात सहभागी झाला आणि त्याच्या पुढाकाराने शिबिर संपेपर्यंत सुमारे २५० पैकी १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी लेखी दर्शवली. या प्रेरणेतून १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही विद्यार्थी स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली आणि पुढील काही दशकांत तिच्यामार्फत सुमारे वीस हजार तरुण-तरुणी परदेशी गेले. स्वयंसेवक हा शब्द या संघटनेच्या नावात होता, तरी त्यामागे अपेक्षा होती ती संपूर्ण आयुष्य देण्याची. विद्यार्थिदशेतील उत्साह हे मिशनकार्याचे मुख्य बळ होऊ शकते, हा धडा मात्र चर्चने येथेच घेतला आणि पुढच्या अल्पकालीन यात्रा त्याच बळावर उभ्या राहिल्या.

मर्यादित मुदतीच्या सेवेची कल्पना प्रथम धर्मप्रसारातून पुढे आली नाही. ती युद्धोत्तर पुनर्बांधणीतून आली. स्वित्झर्लंडचे शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात श्रमशिबिर भरवले, म्हणजे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी काही काळ एकत्र राहून अंगमेहनतीने गाव उभारण्याचा उपक्रम केला. १९३४ च्या भूकंपानंतर ते याच हेतूने बिहारमध्येही आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाने लष्करी सेवा नाकारणाऱ्या अमेरिकी तरुणांना १९५१ पासून ‘पॅक्स’ योजनेखाली युरोपात निर्वासितांची घरे बांधण्यासाठी पाठवले, तर मेथडिस्ट चर्चने १९४८ पासून पदवीधर तरुणांना तीन वर्षांच्या मुदतीने जपानला पाठवण्यास आरंभ केला. आयुष्यभराचे व्रत न घेताही परदेशात चर्चची सेवा करता येते, हे या उपक्रमांनी मान्य करून घेतले. परंतु त्यांची मुदत अजूनही महिन्या-वर्षांत मोजली जात होती.

ही मुदत आठवड्यांवर आली, त्यामागे राजकारण आणि तंत्रज्ञान अशी दोन्ही कारणे होती. चीनमधील १९४९ च्या सत्तांतरानंतर परदेशी मिशनऱ्यांना तो देश सोडावा लागला. आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रांनीही त्यांच्या कार्याची नव्याने छाननी सुरू केली. भारतात तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ च्या अहवालात, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी शिफारस केली. आजही भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रसार करता येत नाही, मिशनकार्यासाठी स्वतंत्र मिशनरी व्हिसा लागतो. दीर्घ मुक्कामाची दारे अशी अरुंद होत असतानाच १९५८ मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाची अटलांटिकपार सेवा सुरू झाली आणि जेथे पोहोचायला पूर्वी महिने लागत, तेथे उन्हाळी सुट्टीत जाऊन परत येणे मध्यमवर्गीय कुटुंबातील विद्यार्थ्यालाही शक्य झाले.

या नव्या परिस्थितीचा उपयोग तीन व्यक्तींनी तीन प्रकारे केला. जॉर्ज व्हर्वर यांनी १९५७ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांसह मेक्सिकोत जाऊन ख्रिस्ती पुस्तके व पत्रके वाटली आणि त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था वाढली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन पाळक जेम्स रॉबिन्सन यांनी १९५८ मध्ये ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ सुरू करून विद्यार्थ्यांना आफ्रिकी तरुणांच्या बरोबरीने बांधकामावर राबण्यासाठी नेले. अमेरिकी सरकारच्या ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक योजनेची पूर्वपीठिका म्हणून राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी या कार्याचा गौरव केला. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था स्थापन केली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात १४६ स्वयंसेवक बहामा बेटे व डोमिनिकन प्रजासत्ताक येथे धाडले. उन्हाळी सुट्टी, तरुणांचा गट, प्रत्येकाने उभारलेला निधी आणि थोड्या दिवसांचे ठरीव काम, हा जो साचा या काळात घडला, तोच किरकोळ फरकाने आजवर टिकून आहे.

कॅथलिक चर्चमध्ये हाच प्रवाह लॅटिन अमेरिकेकडे वळला. धर्मसंघांनी आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा दहा वर्षांत लॅटिन अमेरिकेला द्यावा, असे आवाहन व्हॅटिकनचे प्रतिनिधी अगोस्तिनो कासारोली यांनी १९६१ मध्ये उत्तर अमेरिकेतील संघांना केले. याच सुमारास सामान्य श्रद्धाळूंसाठीही स्वयंसेवक योजना निघाल्या आणि मेक्सिकोत उन्हाळा घालवणाऱ्या विद्यार्थ्यांचे संघटन उभे राहिले. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अशा स्वयंसेवकांना भाषा व संस्कृतीचे शिक्षण देणारे केंद्र चालवणारे धर्मगुरू इव्हान इलिच यांनीच १९६८ मध्ये या विद्यार्थ्यांपुढे परखड भाषण करून, स्पॅनिश न जाणणारा, सद्हेतूने आलेला पाहुणा आपल्या राहणीमानाची जाहिरात करण्यापलीकडे काही करू शकत नाही, अशा आशयाची भूमिका घेतली व त्यांनी सेवेसाठी येऊ नये, फार तर शिकण्यासाठी यावे, असे सांगितले. हा आक्षेप श्रद्धेच्या विरोधकाने घेतलेला नव्हता. त्यामुळे त्याचे वजन आजही कमी झालेले नाही.

यजमान चर्चचा आवाज त्यानंतर थोड्याच काळात आफ्रिकेतून उमटला. केनियातील प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी येथे, परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा यांचा ओघ काही काळ थांबवावा, अशी मागणी केली आणि १९७४ मध्ये लुसाका येथील अखिल आफ्रिकी चर्च परिषदेच्या संमेलनात तिला पाठबळ मिळाले. आफ्रिकी मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, हा या तहकुबीच्या मागणीमागचा हेतू होता. पण पाठवणाऱ्या देशांत तिचा अपेक्षित परिणाम झाला नाही. मुख्य प्रवाहातील जुन्या चर्चनी पाठवलेल्या दीर्घकालीन मिशनऱ्यांची संख्या घटत गेली, तर इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्या, वैयक्तिक धर्मानुभव व सुवार्ताप्रसार यांवर भर देणाऱ्या चर्चच्या अल्पकालीन यात्रा वाढतच राहिल्या.

या यात्रांच्या परिणामांचे काटेकोर मोजमाप होंडुरासमध्ये झाले. १९९८ च्या ‘मिच’ चक्रीवादळाने तो देश उद्ध्वस्त केल्यावर उत्तर अमेरिकेतील अनेक गट तेथे घरे बांधण्यासाठी गेले. तेथेच राहून अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले की, जे घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभे राहत होते, त्यासाठी येणाऱ्या एका गटाचा खर्च ३०,००० डॉलरच्या आसपास जाई. पाहुण्यांनी बांधलेल्या घरांतील आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबांच्या पुढील आयुष्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. स्वयंसेवकांनी आपले जीवन बदलल्याचे सांगितले, तरी त्यांच्या प्रत्यक्ष देणग्यांत फारशी वाढ दिसली नाही. या निष्कर्षांमुळे, यात्रा निदान जाणाऱ्याला तरी कायमचे घडवते, हा तिच्या समर्थनाचा सर्वांत प्रचलित मुद्दाही तपासून घ्यावा लागला.

अपुऱ्या तयारीचे मोल काही वेळा प्राणांनी चुकवावे लागले. २००७ च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानात गेलेल्या दक्षिण कोरियातील एका चर्चच्या २३ स्वयंसेवकांना तालिबानने ओलीस धरले. त्यांपैकी दोघांची हत्या झाली आणि उरलेल्यांची सुटका सुमारे सहा आठवड्यांत झाली. या घटनेनंतर कोरियन चर्चमध्ये मोठे आत्मपरीक्षण झाले. अमेरिकेत २००३ मध्येच यात्रांसाठी सात मानके तयार करण्यात आली होती आणि पूर्वतयारी, सक्षम नेतृत्व, परतल्यानंतरचा पाठपुरावा यांबरोबरच यजमानाशी समान भागीदारीचे तत्त्व त्यांत नोंदवले गेले होते.

या सर्व इतिहासात एक विसंगती ठळकपणे दिसते. पाठवणाऱ्यांच्या बाजूने मुदत, खर्च, गटाचा आकार आणि प्रवासाचा वेग वेळोवेळी बदलला. पण काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार हॉल यांच्या काळाप्रमाणेच बहुतांशी त्यांच्याच हाती राहिला. दीर्घ मुक्कामात ही उणीव काही अंशी भरून निघत असे, कारण वर्षानुवर्षे राहणाऱ्याला भाषा शिकावी लागे, विरोधकांची उत्तरे ऐकावी लागत आणि चूक झाली तर तिचे परिणाम पाहत तेथेच नांदावे लागे. दोन आठवड्यांत परतणाऱ्यावर यांपैकी कोणतेही बंधन नसते. म्हणून अल्पकालीन यात्रेला जुन्या मिशनपेक्षा अधिक कठोर शिस्त हवी : निमंत्रण यजमान मंडळीचे असावे, काम तिने निवडावे, पैशाचा विनियोग तिने ठरवावा आणि नको असलेला गट नाकारण्याचे स्वातंत्र्य तिला असावे. परक्यासाठी झिजण्याची इच्छा ही कोणत्याही धर्मपरंपरेतील मोलाची प्रेरणा आहे, आणि हजारो तरुण आजही ती मनात बाळगून घराबाहेर पडतात. ज्यांच्यासाठी ते जातात, त्यांचा शब्द अखेरचा मानला गेला, तरच त्या प्रेरणेचे चीज होईल.