ऋतूंच्या खुणा आणि त्यांची नोंद

वसंतातील व्याख्यानमालेत वसंताविषयी बोलावे, हे ओघानेच आले. परंतु आज विचार करावयाचा आहे तो वसंताच्या शोभेचा नव्हे, तर त्याच्या हिशेबाचा. ऋतू पालटला हे माणसाने कशावरून ओळखले, त्या खुणा कोणी लिहून ठेवल्या, आणि त्या लिहिण्याचा उपयोग काय झाला, असा हा इतिहास आहे. आर्वीसारख्या गावी हा विषय करमणुकीचा नाही. ज्या मुलखाचे वर्ष सरकीच्या टोबणीवर आणि संत्र्याच्या बहारावर उभे आहे, तेथे आठ दिवसांची चूक म्हणजे जळालेले बी, दुबार पेरणी आणि तिच्यामागून येणारे कर्ज.

प्रारंभ आपल्याच विदर्भातून करू. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. त्या काव्यातील विरह आपण वाचतो. पण त्यातील निसर्गाचे टिपण बहुधा आपल्या नजरेतून निसटते. आषाढाच्या तोंडी यक्ष मेघाला कुड्याची ताजी फुले वाहतो. कुडा आपल्या रानात उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाच्या आरंभापर्यंत फुललेला असतो. गर्जना ऐकून राजहंस उत्तरेस मानसाकडे निघतात, चातक बोलू लागतो. कवीने फूल, पक्षी आणि महिना यांची सांगड अशी घातली आहे की, ती आजही रानात जाऊन पडताळून पाहावी.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त याच दृष्टीला शास्त्राचे रूप देऊ पाहिले. त्या ग्रंथातील एक अध्याय केवळ फुलाफळांवरून पिकांचे भविष्य सांगण्यासाठी आहे. जांभूळ चांगले आले तर तीळ-उडीद पिकतील, मोह बहरला तर गहू. आणि कापसाचा अंदाज अतिमुक्तक व कुंद यांच्या फुलण्यावरून बांधावा, असे तो सांगतो. आर्वीच्या कास्तकाराला हे वाचून कौतुक वाटेल. पण हे नियम कोणत्या वर्षीच्या, कोणत्या गावच्या निरीक्षणावरून बांधले, आणि किती वेळा खरे-खोटे ठरले, याचा उल्लेख त्यात नाही. नियम आपल्यापर्यंत आले. त्यांच्यामागची नोंद आली नाही.

लोकपरंपरेतही हेच घडले. सहदेव-भाडळीच्या नावावर चालणारी वचने, नक्षत्रे आणि त्यांची वाहने, कावळ्याच्या घरट्यावरून बांधलेले ठोकताळे, ही सारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्याची साय आहे. तिला हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा खरोखरच चैत्र-वैशाखात कंठ फोडतो. तो थंडीत बहुतेक मुका असतो, म्हणून तो कोठून तरी नव्याने आला असे आपल्याला वाटते. चातकाची गोष्ट निराळी. मृगाच्या सुमारास आपल्याकडे दिसणारा चातक आफ्रिकेकडून पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो, आणि ह्यू व्हिस्लर याने 1928 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या स्थलांतराची चर्चा केली. दोन पक्षी, दोन तऱ्हा. लोकांनी मात्र दोघांनाही पावसाचे भालदार केले.

नक्षत्रांविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आज सूर्याचा मृगप्रवेश 7 किंवा 8 जूनला होतो. परंतु अयनचलनामुळे नक्षत्रे आणि ऋतू यांची जोडी सुमारे 71 वर्षांत एक दिवस ढळते. वराहमिहिराच्या काळी सूर्य अश्विनीत शिरत असे तो वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे 21 मार्चच्या आसपास. आता तो 13-14 एप्रिलला शिरतो. म्हणजे त्या काळचे मृग ऋतूच्या हिशेबाने मेच्या मध्यावर येत होते. नक्षत्राचे नाव तेच राहिले आणि ऋतू मात्र त्याखालून तीन आठवडे सरकला. पंचांगाला हा फरक गणिताने काढावा लागतो. बहाव्याला त्याची गरज पडत नाही. त्याचा संबंध नक्षत्राच्या नावाशी नसून उन्हाशी आणि ओलाव्याशी असतो.

आता बाहेर पाहू. जपानातील क्योतो येथे चेरीच्या बहाराचे दिवस राजदरबारच्या रोजनिशांतून व इतर जुन्या कागदांतून इ. स. 812 पासून सापडतात. ते कोणी हवामानशास्त्रासाठी लिहिले नव्हते. फुलांच्या उत्सवाची तारीख म्हणून लिहिले. पण तारीख होती, म्हणून 2021 साली बहार 26 मार्चला भरला तेव्हा बाराशे वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता, असे अभ्यासकांना सांगता आले. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने 1736 पासून पहिले पान, पहिले फूल, पहिली पाकोळी अशा खुणा टिपण्यास आरंभ केला, आणि त्याच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत चालविले. स्वीडनच्या लिनीअसने 1751 साली अशा नोंदी कशा ठेवाव्यात याची पद्धतच सांगितली. यांतील एकानेही भविष्य वर्तविले नाही. त्यांनी घडलेले लिहिले, एवढेच.

आपल्या देशात हे काम इंग्रजी अमदानीत दोन खात्यांकडे गेले. हवामान खाते 1875 साली निघाले आणि 1932 साली पुण्यास त्याची शेतीविषयक शाखा सुरू झाली. दुसरे खाते वनांचे. डीट्रिख ब्रँडिसने 1874 साली वायव्य व मध्य हिंदुस्थानच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ पुरा केला. 1921 साली ट्रूपचे तीन खंड निघाले. कोणते झाड केव्हा पान गाळते, केव्हा फुलते, बी केव्हा पडते, हे त्यांत झाडागणिक दिले आहे. मराठीत मात्र ही दृष्टी आली ती साहित्याच्या वाटेने. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली प्रसिद्ध झाले आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याचा चेहरा कसा वाचावा हे सुशिक्षितांना कळले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करीत नवेगावबांध-नागझिऱ्याच्या रानातील पाखरे आणि तेथील लोकांचे ज्ञान मराठीत आणले. 2025 साली ते निवर्तले, तेव्हा विदर्भाच्या रानाचा एक जाणता साक्षीदार गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहावा भरून फुलला तर पाऊस लवकर येतो काय? याचे उत्तर आपल्या संत्र्याच्या बागेतच आहे. बागवान आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतो, मग पाणी सोडतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते. उन्हाळ्यातला ताण आणि पहिला पाऊस यांनी मृग बहार येतो. म्हणजे फूल हे पुढच्या पावसाचे भविष्य नव्हे. ते मागच्या थंडीचे, उन्हाचे आणि ओलाव्याचे उत्तर आहे. जे संत्र्याचे, तेच थोड्याफार फरकाने रानातल्या झाडाचे. बहाव्याला जूनचे ढग दिसत नाहीत. त्याच्याकडून आपण भविष्य मागतो आणि तो देत असलेली साक्ष मात्र ऐकत नाही.

ही साक्ष आज मोलाची झाली आहे, कारण ऋतूंचे वागणे बदलत आहे. किती बदलले, हे आर्वीपुरते सांगावयाचे तर जुन्या तारखा हव्यात. ‘पूर्वी असे नव्हते’ हे प्रत्येक पिढी म्हणते. त्याने काहीच सिद्ध होत नाही. 2010 साली केरळात सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले एकेक झाड निवडून त्याची पाने, फुले, फळे दर आठवड्यास नोंदवितात. आज तो देशभर चालतो. त्याला दुर्बीण लागत नाही, पदवी लागत नाही. सातत्य तेवढे लागते.

म्हणून सुचवावेसे वाटते ते फार मोठे नाही. पळसाचे पहिले फूल, मोहाचा पहिला सडा, बहाव्याचा पहिला झुपका, पावशाची पहिली हाक, उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या धोबी पाखराचे व वर्धा नदीवरील चक्रवाकाचे पहिले दर्शन, आणि पेरणीजोगा पहिला पाऊस: एवढ्या सात गोष्टी. झाड दरवर्षी तेच, जागा तीच, आणि समोर तारीख. अशी एक वही शाळेत किंवा वाचनालयात राहिली, तर पहिल्या पाच वर्षांत ती काहीच सांगणार नाही. पंचवीस वर्षांनी ती बोलू लागेल. पूर्वजांनी आपल्याला वचने दिली, त्यांचे ऋण मोठे आहे. पुढल्यांना आपण तारखा द्याव्यात, म्हणजे ती वचने त्यांना पारखून घेता येतील.