ते तैलचित्र नव्हे!

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात एक छापील चित्र होते. एका हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी तरुणी. घरी येणारे हमखास विचारत, ‘रविवर्म्याचे तैलचित्र ना?’ दोन्ही चूक. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी (१८८२–१९६८) १९४५-४६च्या सुमारास रंगवले, आणि तेही जलरंगात. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

चूक तशी क्षम्य आहे. अंधारातून उजळणारा चेहरा ही तैलरंगाची मिरासदारी. रेम्ब्रांपासून गोव्याच्या अँटोनियो त्रिंदादांपर्यंत (१८७०–१९३५). हळदणकर शिकले त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही युरोपीय वळणाचेच व्यक्तिचित्रण चाले. पण तैलरंगच का? ओली वाळू कोरडीपेक्षा काळपट दिसते ना, तसेच हे आहे. कणांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की प्रकाश कमी विखुरतो, आत शिरतो आणि शोषला जातो. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५, ते सुकून घट्ट झाले तरी रंगकणांभोवती राहतेच. म्हणून तैलरंगातला काळोख खोल. जलरंगातले पाणी मात्र उडून जाते, डिंक थोडाच उरतो, कणांमध्ये हवा शिरते आणि काळा रंग करडा पडतो. शिवाय तैलरंगात काळ्यावर पांढरा चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. एकदा झाकला की गेला.

थोडा हिशेब मांडू. ज्योतीपासून बोटे १० सेंमी, चेहरा ३० सेंमी आणि मागची भिंत १२० सेंमी धरली, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने चेहऱ्यावर बोटांच्या १/९ आणि भिंतीवर १/१४४ प्रकाश पडेल. चित्रकाराच्या हाती मात्र कोऱ्या कागदापासून गडद रंगापर्यंत जेमतेम वीसेक पटींचे अंतर. खुद्द ज्योत तर हिशेबाबाहेरच! ती हाताआड गेल्याने ही अडचण टळली. मला तरी चित्रातली सर्वांत मोठी हुशारी हीच वाटते.

आडोशाची बोटे लालसर झळकतात. रक्तातले हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश शोषते, लाल आरपार येतो. ठाण्याच्या एका शाळेत खिडक्या लावून, टॉर्चवर बोटे मिटून हे दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले, ‘मग तिचा चेहरा लाल का नाही?’ उत्तर वर्गानेच शोधले: हात ज्योत आणि चेहरा यांच्यामध्ये नाही, ज्योत आणि आपल्यामध्ये आहे.