वाचनाचा भाव: २ शिलिंग ८ पेन्स

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित नियमावलीने शाळांचे अनुदान परीक्षेला बांधले. पोर वाचनात नापास झाले, की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स बुडाले. लेखन-गणितालाही तोच दर. वाचनाच्या परीक्षेत पहिलीला एकाक्षरी शब्दांची गोष्ट, सहावीला वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद.

मग तयारी कसली? घोकंपट्टीची! वर्षभर तेच वाचनपुस्तक, परीक्षा घ्यायला निरीक्षक येईपर्यंत तोंडपाठ. पुस्तक उलटे धरूनही धडा घडाघडा म्हणणाऱ्या पोरांचे किस्से त्याच काळातले. मास्तरांना तरी काय बोलावे? अनेकांचा पगार या अनुदानावरच अवलंबून.

कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-निरीक्षक. खरे वाचता न येणारे पोरही युक्तीने पास करता येते, असे त्यांनी अहवालात सरकारला सुनावले. तरीही ही पद्धत १८९०च्या दशकापर्यंत टिकली. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनीही तिचा हिसका अनुभवला.