ही माणसं मिळाली कुठे? : एका नमुन्याचा इतिहास

सिनॉप्सिस लिहिताना 'नमुना निवड' हा भाग आपण शेवटी, घाईघाईत उरकतो. मीही तेच केलं होतं. गाईडनी एकच विचारलं, "ही माणसं मिळाली कुठे?" माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आज त्याच प्रश्नाचा इतिहास सांगते.

1950 च्या दशकात अमेरिकेत समलिंगी असणं हा मानसिक विकार मानला जाई. पुरावा काय, तर मनोरुग्ण, कैदी यांच्यावरचे अभ्यास. आता बघा, दवाखान्यात जाऊन माणसं निवडली तर आजारीच सापडणार ना!

लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी नेमकी हीच चूक पकडली. त्यांनी उपचार घेत नसलेले 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुष घेतले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक यांनुसार जोड्या लावल्या. रोर्शाकसारख्या चाचण्या केल्या आणि कोण कोणत्या गटातला हे न सांगता निकाल तज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञांना गट ओळखता आले नाहीत. दोन्ही गटांतल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचं मानसिक समायोजन सरासरी किंवा त्याहून चांगलं ठरलं. हा शोधनिबंध 1957 साली छापून आला.

तुम्ही म्हणाल, 30 जणांवरून काय सिद्ध होतं? 'बहुतेक समलिंगी निरोगी असतात' हे सिद्ध होत नाहीच. पण दावा होता 'सगळेच आजारी' असा. तो खोडायला एवढी माणसं पुरतात. आपला नमुना किती मोठा हवा, हे आपला दावा ठरवतो. हे वहीत लिहून ठेवा.

पुढे कार्यकर्त्यांचा रेटा आणि असं संशोधन, दोन्हींमुळे 1973 साली अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेने आपल्या यादीतून हे निदान काढलं. 1982 मध्ये अ‍ॅलन मॅल्यॉन यांनी 'अफर्मेटिव्ह' म्हणजे ओळख स्वीकारून चालणाऱ्या थेरपीची मांडणी केली.

याने फरक काय पडला? समजा, वीस वर्षांचा जोडीदार गेलाय, पण घरात ते नातंच कुणाला मान्य नाही. अशा माणसाची ओळखच 'दुरुस्त' करायला बसलेल्या डॉक्टरला त्याचं दुःख दिसतच नाही. समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाबद्दल केनेथ डोका यांनी 1989 मध्ये पुस्तक आणलं. ओळख बाजूला न सारता त्या शोकावर बोलणं, हेच या थेरपीचं काम.

आपल्याकडे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ओळख बदलण्याचे 'उपचार' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मुंबईत मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह समुपदेशकांना अफर्मेटिव्ह पद्धतीचं प्रशिक्षण देते.

म्हणून सांगते, चुकीच्या नमुन्याची किंमत नेहमी आपल्या प्रबंधालाच मोजावी लागते असं नाही. कधी ती अनोळखी माणसं आयुष्यभर मोजतात. तुमचा सिनॉप्सिस उघडा आणि स्वतःला विचारा, ही माणसं मिळाली कुठे?