सदिश कलन

सदिश कलन ही गणिताची शाखा असून तीत अवकाशातील प्रत्येक बिंदूशी निगडित असलेल्या राशींच्या बदलाचा अभ्यास केला जातो. एकापेक्षा अधिक चलांवर अवलंबून असणाऱ्या फलांचे अवकलन व समाकलन, म्हणजेच बहुचल कलन, हा तिचा पाया आहे. द्रवगतिकी, विद्युत्‌चुंबकत्व, उष्णतावहन व स्थापत्य अभियांत्रिकी या विषयांत तिचा उपयोग होतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत ती विज्ञान व अभियांत्रिकी पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांत शिकवली जाते. भंडारा जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा नदी व तिच्यावरील गोसीखुर्द धरण यांच्या आधारे या शाखेतील मूलभूत संकल्पना स्पष्ट करता येतात.

इतिहास

जॉर्ज ग्रीन यांनी १८२८ मध्ये विद्युत व चुंबकत्वावरील निबंधात क्षेत्रांविषयीची महत्त्वाची समीकरणे मांडली. विल्यम हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेल्या चतुर्दल संख्यांतून 'सदिश' व 'अदिश' हा भेद रूढ झाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांची विद्युत्‌चुंबकीय समीकरणे ऑलिव्हर हेविसाइड यांनी सदिशांच्या साहाय्याने चार समीकरणांत आणली. जोसाया विलर्ड गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारित, एडविन विल्सन यांनी लिहिलेला ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजची चिन्हपद्धती मुख्यत्वे त्या ग्रंथातून आली आहे.

बहुचल फले

एकचल कलनात एखाद्या बिंदूकडे डावीकडून व उजवीकडून अशा दोनच बाजूंनी जाता येते. दोन चलांच्या प्रतलात मात्र असंख्य मार्ग असतात. उदाहरणार्थ, क्षय / (क्ष² + य²) या फलाची किंमत अक्षांवरून आरंभबिंदूकडे जाताना ० राहते, तर य = क्ष या रेषेवरून जाताना ती १/२ राहते. म्हणून तेथे या फलाला सीमा नाही. बारावीनंतर या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना हा पहिला मोठा फरक जाणवतो.

इतर चले स्थिर ठेवून एका चलासापेक्ष काढलेल्या अवकलजास आंशिक अवकलज म्हणतात. फ = क्ष²य असल्यास क्ष-सापेक्ष आंशिक अवकलज २क्षय व य-सापेक्ष क्ष² असतो.

ग्रेडियंट, डायव्हर्जन्स व कर्ल

ग्रेडियंट: अदिश फलाच्या आंशिक अवकलजांपासून बनलेला सदिश. वरील फलाचा (१, २) या बिंदूवरील ग्रेडियंट (४, १) आहे. फल सर्वाधिक वेगाने या दिशेने वाढते व त्या वाढीचा दर √१७ असतो.

डायव्हर्जन्स (अपसरण): सदिश क्षेत्र एखाद्या बिंदूपासून किती प्रमाणात बाहेर पसरते याचे माप. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने त्याच्या वेगक्षेत्राचे डायव्हर्जन्स शून्य मानतात.

कर्ल: क्षेत्राच्या स्थानिक परिभ्रमणाचे माप. कर्ल केवळ भोवऱ्यातच असते असा समज चुकीचा आहे. नदी सरळ वाहत असली, तरी काठाशी वेग कमी व मध्यभागी जास्त असतो. त्यामुळे काठाजवळ तरंगणारे छोटे चक्र स्वतःभोवती फिरते. तेथे कर्ल शून्य नसते.

समाकल प्रमेये

ग्रीनचे, स्टोक्सचे व गाऊसचे प्रमेय ही या शाखेतील तीन प्रमुख प्रमेये होत. एखाद्या प्रदेशाच्या आतील बदल व त्याच्या सीमेवरील वर्तन यांचा संबंध ती सांगतात. गाऊसच्या प्रमेयानुसार घनप्रदेशातील डायव्हर्जन्सचा तिहेरी समाकल हा त्याच्या बंद पृष्ठातून बाहेर जाणाऱ्या एकूण प्रवाहाइतका असतो.

वैनगंगेचे उदाहरण

नदीचा विसर्ग म्हणजे तिच्या छेदावरील वेगाचा पृष्ठ समाकल होय. पात्राची रुंदी ३०० मीटर, सरासरी खोली ४ मीटर व सरासरी वेग सेकंदाला १.५ मीटर मानल्यास विसर्ग १,८०० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे १,८०० क्युमेक्स येतो.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्याच्या जलाशयात वैनगंगेबरोबर कन्हान नदीचेही पाणी येते. समजा ३,००० क्युमेक्स पाणी आत येत आहे आणि दरवाज्यांतून १,८०० क्युमेक्स बाहेर जात आहे. डायव्हर्जन्स शून्य असल्याने बंद पृष्ठातून जाणारा निव्वळ प्रवाह शून्यच असला पाहिजे. म्हणून उरलेले १,२०० क्युमेक्स पाणी वरच्या पृष्ठातून प्रकट होते, अर्थात पातळी वाढते. या दराने तासाभरात ४३.२ लाख घनमीटर पाणी साठते. प्रत्यक्ष गणनेत पाऊस, बाष्पीभवन व पाझर हेही धरावे लागतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी व पाऊस यांमुळे वैनगंगेला पूर येऊन भंडारा शहराचा काही भाग जलमय झाला. वरून येणारा विसर्ग व तो पोहोचण्याची वेळ यांच्या अंदाजावर अशा वेळी नदीकाठच्या वस्त्यांचे स्थलांतर अवलंबून असते.

अध्ययन

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी (आताचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ) संलग्न आहेत. भंडारा येथील जे. एम. पटेल महाविद्यालय व तुमसर येथील एस. एन. मोर महाविद्यालय यांत विज्ञान शाखा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांना पुढे विज्ञानाची इंग्रजी पाठ्यपुस्तके वापरावी लागतात. त्यामुळे नवी संकल्पना व नवी परिभाषा एकाच वेळी समोर येते. मराठी विश्वकोशातील गणितविषयक नोंदी व भाषा संचालनालयाचा गणितशास्त्र परिभाषा कोश यांत मराठी पर्याय मिळतात.

परीक्षेत समाकलाच्या सीमा ठरवणे, पृष्ठाच्या लंबाची दिशा निवडणे व योग्य प्रमेय ओळखणे या टप्प्यांवर चुका अधिक होतात. आकडेमोडीपूर्वी प्रदेशाची आकृती काढल्यास त्यांपैकी बऱ्याच टळतात. या विषयासाठी आंशिक अवकलन व दुहेरी समाकल यांची पूर्वतयारी आवश्यक असते.