गाजलेली दीक्षांत भाषणे : नव्या पदवीधरांना कोणी काय सांगितले?

अमेरिकेत पदवीदान समारंभाला 'कमेन्समेंट' म्हणतात. शब्दाचा अर्थ सुरुवात. दरवर्षी मे-जूनमध्ये महाविद्यालये एखाद्या नामवंत पाहुण्याला बोलावतात, बहुतेकदा मानद पदवी देतात आणि तो नव्या पदवीधरांशी बोलतो. हा समारंभ आपल्याला अगदीच परका नाही. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानद एलएल.डी. दिली ती अशाच समारंभात.

'स्वप्नांचा पाठलाग करा' असे तर सगळेच वक्ते सांगतात. घरातल्या पहिल्या पदवीधराच्या उपयोगी पडतील अशी भाषणे त्यामानाने थोडी. आम्ही इथे तीच निवडली आहेत.

सर्वांत जास्त ऐकले गेलेले भाषण स्टीव्ह जॉब्स यांचे, स्टॅनफर्ड विद्यापीठातले, १२ जून २००५ चे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर त्याचा सारांश 'जॉब्सने कॉलेज सोडले आणि मोठा झाला' एवढाच फिरतो. प्रत्यक्षात त्यांनी सांगितले ते वेगळे आहे. त्यांना दत्तक घेणारे आईवडील कामगार वर्गातले होते. रीड कॉलेजच्या फीमध्ये त्यांची आयुष्यभराची बचत संपत होती, म्हणून जॉब्स यांनी सहा महिन्यांत नाव काढून घेतले. पण पुढे दीड वर्ष ते तिथेच राहून आवडीच्या तासांना बसत होते. मित्रांच्या खोल्यांत जमिनीवर झोपत, कोकच्या रिकाम्या बाटल्या परत करून पैसे मिळवत, आणि रविवारी सात मैल चालत हरे कृष्ण मंदिरात जेवायला जात. तिथे शिकलेले सुलेखन दहा वर्षांनी मॅकिंटॉशच्या अक्षरांत उतरले. फीअभावी शिक्षण सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलाला हे भाषण 'शिक्षण सोड' असे सांगत नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

गरिबीबद्दल सर्वांत प्रामाणिक बोलल्या त्या जे. के. रोलिंग, २००८ मध्ये हार्वर्डला. अपयशातून काय मिळते हा त्यांचा विषय. पण गरिबीचे कौतुक करणे हा मूर्खपणा आहे, गरिबी म्हणजे भीती, ताण आणि अपमान, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. लंडनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कार्यालयात काम करताना छळ झालेल्या माणसांच्या कहाण्या त्यांनी ऐकल्या होत्या. इतरांचे दुःख समजण्याची कल्पनाशक्ती वापरा, हा त्यांचा दुसरा सल्ला. हे भाषण २०१५ मध्ये पुस्तकरूपानेही आले.

मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांनी जून १९६५ मध्ये ओबर्लिन कॉलेजमध्ये रिप व्हॅन विंकलची गोष्ट घेतली. वीस वर्षे झोपलेला हा माणूस जागा होतो तेव्हा पाटीवर राजाऐवजी वॉशिंग्टनचे चित्र असते. मधली क्रांती त्याच्या झोपेत होऊन गेलेली. पदवीधरांनी तसे झोपून राहू नये, एवढेच किंग यांचे म्हणणे. मतदान हक्काचा कायदा त्यानंतर दोनच महिन्यांनी झाला.

कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात (वर उल्लेखलेले हार्वर्ड वेगळे) २०१६ मध्ये बराक ओबामा म्हणाले की नुसता संताप पुरत नाही, सोबत डावपेच आणि मतदान हवे, आणि न पटणाऱ्याचेही ऐकून घ्यावे लागते. आंदोलनात उतरणाऱ्या आपल्या तरुणांनी हे भाषण पूर्ण वाचावे, न पटले तरी. दोन वर्षांनी तिथलाच माजी विद्यार्थी, अभिनेता चॅडविक बोसमन तिथे बोलला. कृष्णवर्णीयांची ठरावीक साच्यातली भूमिका दिली तेव्हा त्याने प्रश्न विचारले आणि काम गेले. नोकरीपेक्षा आयुष्याचा हेतू शोधा, असे तो म्हणाला. तेव्हा त्याला कर्करोग होता, हे जगाला कळले ते ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

आणि एका भाषणातला सल्ला नाही, घोषणा लक्षात राहिली. मे २०१९ मध्ये अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजमध्ये, म्हणजे किंग जिथे शिकले तिथे, उद्योजक रॉबर्ट स्मिथ यांनी त्या वर्षीच्या सुमारे ४०० पदवीधरांचे शैक्षणिक कर्ज आपले कुटुंब फेडेल असे जाहीर केले. नंतर त्यात पालकांनी मुलांच्या शिक्षणासाठी काढलेले कर्जही धरले गेले आणि रक्कम ३ कोटी ४० लाख डॉलरवर गेली. बदल्यात स्मिथ यांनी एकच मागितले: मागून येणाऱ्यांसाठी तुम्हीही असेच काही करा.