बायकांच्या बाजूचं थेटर



आज आपण इतिहासावर बोलू. आपल्या हिंगोली जिल्ह्याचा इतिहास म्हटला की औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव महाराज आणि निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम आठवतो. त्याची पुस्तकं आहेत, पाट्याही आहेत. पण तालुक्याच्या गावातलं जुनं थेटर पाडलं आणि तिथं दुकानांचे गाळे झाले, त्याची पाटी कुठंच नाही. आम्ही गावोगावी बैठकांना जातो. बचतीची वही मिटली की साठीच्या पुढच्या बाया गप्पांना बसतात, आणि त्यात हे थेटर हमखास निघतं. म्हणून आम्ही या आठवणी गोळा करायला लागलो.

थेटराच्या आधी तंबू होता. सुगी सरली की जत्रा लागायच्या आणि जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. मशीन ट्रकवर, पडदा तंबूत, बसायला भुई. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. देवाच्या निमित्तानं बाईला घराबाहेर पडता येत होतं, त्यातच सिनेमाही होऊन जायचा. महाराष्ट्रातल्या या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी माहितीपट केला, तो २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. तंबूवाल्यांची आणि मशीनची नोंद अशी राहिली. तंबूतल्या बायकांच्या बाजूची नोंद मात्र आपल्यालाच करायची आहे.

पुढं पक्कं थेटर आलं. बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी, बसायची जागा वेगळी. मोठ्या नटांचे सिनेमे शहरात चालून चालून, रिळं झिजल्यावर आपल्याकडं यायचे. मधले दिवस भरून काढायचे ते कमी पैशात काढलेले सिनेमे: देवाचे, भुताचे, रडायचे, हसायचे. जाणती माणसं त्यांना नावं ठेवायची. पण आमच्या बायांच्या आठवणीत तेच जास्त राहिलेत.

१९७५ साली ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला, आणि त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला. खर्च थोडा, नट फार मोठे नाहीत, तरी तोही त्या वर्षीच्या सगळ्यात जास्त चाललेल्या सिनेमांत गेला. ठिकठिकाणी बाया चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुलं-पैसे उधळत, आरती करत. शुक्रवारचं व्रतही गरिबाला झेपणारं होतं, गूळ-चण्याचा प्रसाद. एक आजी आम्हाला म्हणाल्या, “देवीचा शिनेमा होता, घरात नाही कोण म्हणणार?” १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून चार पैसे हातात धरायला शिकलेल्या त्या बाया होत्या. तिकिटाचे पैसे कुणी पदराच्या गाठीतून काढले, कुणी दाळीच्या डब्यातून.

भुताचे सिनेमे रामसे बंधूंचे. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा. सगळे भाऊ मिळून सिनेमा काढायचे आणि घरच्या बाया चित्रीकरणाच्या जागी स्वयंपाक करायच्या. म्हणजे तिथंही बायकांचं काम होतंच. आमच्या गटातली एक ताई सांगते, “घरात आवाज वर करायची सोय नव्हती. थेटरात भूत आलं की पोटभर ओरडून घ्यायचो.”

ओरडायला भूत, हसायला दादा कोंडके. त्यांचे विनोद ऐकून बाया तोंडाला पदर लावायच्या, पण हसू काही थांबायचं नाही. आणि रडायला १९९१ चा ‘माहेरची साडी’. अलका कुबल पडद्यावर सोसत होती, आणि इकडं बाया उघड रडत होत्या. तुला काय झालं, असं तिथं कुणी विचारत नव्हतं.

सगळ्यांनाच हे मिळालं असं नाही. कुणाला घरून परवानगी नव्हती, कुणाजवळ तिकिटाला पैसे नव्हते. चोरून सिनेमा बघितला म्हणून मार खाल्लेल्या बायाही आम्हाला भेटल्या. त्यांचं सांगणंही या इतिहासातच येतं.

मग थेटर कशानं गेलं? गावात व्हिडिओ भाड्यानं यायला लागला. १९८७ पासून दर रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागलं, पुढं केबल आली. बायांची गर्दी घटली. रिकाम्या खुर्च्या भरायला छोट्या थेटरांनी फक्त मोठ्यांसाठीचे सिनेमे लावले. बाहेर अशी पोस्टर लागली की लेकीला घेऊन त्या रस्त्यानं जायची लाज वाटावी. मग बायकांची खिडकी उघडेनाशी झाली. शहरात मल्टिप्लेक्सना सरकारनं करात सूट दिली, छोटी थेटरं मोडकळीला आली आणि एकेक करून पडली. मुंबईत दादरच्या ज्या कोहिनूर थेटरात १९७१ साली ‘सोंगाड्या’ लागला, तेही आज राहिलेलं नाही. आपलं थेटर पाडलं ते उशिरा. बायकांसाठी ते त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं.

थेटरातले ढेकूण आणि विड्यांचा धूर परत यावा असं कुणीच म्हणत नाही. आता मोबाइलवर पाहिजे तो सिनेमा दिसतो. पण तो जिनं तिनं आपापला बघायचा, तोही भाकरी थापता थापता. तीन तास कामाला हात न लावता बाईनं बाईशेजारी बसावं, अशी जागा आज आपल्या गावात कुठं आहे? गाळे बांधताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. येत्या महिला ग्रामसभेत हा प्रश्न आपण विचारू: समाजमंदिर बायकांसाठी कोणत्या दिवशी उघडं राहणार?

आणि दुसरं काम घरातलं आहे. आपल्या सासूला, आईला, आजीला पाच गोष्टी विचारा. पहिला सिनेमा कोणता? सोबत कोण होतं? तिकिटाचे पैसे कुठून आणले? घरी काय सांगून गेलात? आणि जाणं कधी बंद झालं, कशानं? त्यांची हरकत नसेल तर वहीत उतरवून पुढच्या बैठकीला आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं सांगावं, आम्ही लिहून घेऊ. सांगणाऱ्या बाया आता थोड्याच राहिल्यात, तेव्हा हे काम पुढं ढकलू नका.